नालेच्या आकाराचा पिवळा दिवा

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: टायरच्या हवेचे सेन्सर आणि रिमोटच्या चाव्या यांमुळे ट्रॅकवर व परतीच्या महामार्गावर येणाऱ्या अडचणी

महोदय,

नेवासा फाट्यावर हंगामात तासभर उभे राहिले, की निरनिराळ्या वेगांची वाहने एकमेकांना ओलांडताना दिसतात. उसाने भरलेल्या ट्रॉल्या भेंडे आणि सोनईच्या कारखान्यांकडे निघालेल्या असतात, घोडेगावच्या बाजारातून कांद्याचे ट्रक येत असतात आणि मधूनच पुण्या-मुंबईच्या एसयूव्ही शनिशिंगणापूरकडे वळतात. ट्रॉलीचा चालक खाली उतरून टायरवर टॉमी ठोकतो आणि आवाजावरून हवा ओळखतो. एसयूव्हीच्या चालकाला उतरावेही लागत नाही; चारही चाकांचा आकडा त्याच्यासमोर पडद्यावर असतो. तरीही ट्रॉलीवाल्याचा आपल्या कानावर जेवढा विश्वास आहे, तेवढा एसयूव्हीवाल्याचा त्या पडद्यावर नाही. घोड्याच्या नालेसारखा, मध्ये उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागला, की ‘सेन्सर खराब झालाय’ असे म्हणून तो पुढे निघतो.

हे पत्र त्या अविश्वासाबद्दल आहे. तो सर्वांत लवकर कुठे तयार होतो, हे पाहायचे तर फाट्यापासून बरेच लांब, मोटारींच्या ट्रॅकवर जावे लागते.

‘ट्रॅक डे’ म्हणजे शर्यत नव्हे. बंदिस्त ट्रॅकवर, पैसे भरून, हेल्मेट घालून, स्वतःचीच रोजची गाडी वेगाने चालवून पाहण्याचा तो दिवस असतो. साधारण पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्या होतात, मग गाडी थंड होऊ देतात. चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट ही देशातली त्यासाठीची मुख्य ठिकाणे. महाराष्ट्रात आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या वेगाचे कार्यक्रम झाले आहेत आणि कोल्हापूरला कार्टिंगची परंपरा आहे. पण पूर्ण लांबीच्या ट्रॅकसाठी मराठी हौशी चालकाला सहसा राज्याबाहेर जावे लागते. नेवाशाहून ही तिन्ही ठिकाणे हजार किलोमीटरांच्या आसपास किंवा त्याहून लांब आहेत. गाडी चालवतच जाणारा चालक त्याच टायरांवर, त्याच चावीने तेवढेच अंतर परत येतो. अडचण या परतीच्या प्रवासात आहे.

या अडचणीचा हिशोब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. प्रवासी गाडीच्या टायरमध्ये दर दहा अंश सेल्सिअसला तो साधारण दीड पीएसआयने वाढतो. समजा, दाराच्या खांबावरच्या स्टिकरनुसार गाडीला ३५ पीएसआय हवा लागते. ट्रॅकवर जोरात ब्रेक आणि वळणे घेताना टायरमधली हवा सहज ऐंशी अंशांपर्यंत तापते. सकाळी तीस अंशांवर ३५ भरून उतरलेली गाडी काही फेऱ्यांत ४३च्या आसपास जाते, टायर फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो आणि पकड सुटते. म्हणून अनुभवी चालक सकाळी मुद्दाम हवा कमी करतात. थंड असताना २७ ठेवली, की तापल्यावर ती ३४च्या आसपास येते. ट्रॅकवर हे योग्यच आहे.

आता सेन्सर काय करतो ते पाहावे. युरोपच्या नियमानुसार ठरलेल्या दाबापेक्षा २० टक्के हवा कमी झाली की इशारा यायला हवा. अमेरिकेत ही मर्यादा २५ टक्के आहे. ३५चे ८० टक्के म्हणजे २८. सकाळी २७वर निघालेल्या गाडीचा दिवा पहिल्याच फेरीत लागतो. टायर तापतात, दाब मर्यादेच्या वर जातो आणि दिवा विझतो. संध्याकाळी टायर थंड झाले, गाडी महामार्गाला लागली, की दिवा पुन्हा लागतो. दिवसभरात लागला, विझला, पुन्हा लागला. चालकाची खात्री पटते की सेन्सर बिघडला आहे. खरे म्हणजे तिन्ही वेळा तो बरोबर होता, आणि तिसऱ्या वेळी त्याचे ऐकणे सर्वांत गरजेचे होते. कारण आता गाडीत माणसे आणि सामान आहे, पुढे कित्येक तासांचा सलग वेग आहे आणि टायरमध्ये आठ पीएसआय हवा कमी आहे.

कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि सुटते. त्या सततच्या वाकण्यातून उष्णता तयार होते. रबर आणि आतले धागे यांची पकड ढिली होते आणि शेवटी टायर बाजूने उलगडतो. यासाठी खिळा लागत नाही, खड्डाही लागत नाही. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर ७०१ किलोमीटर सलग झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. अशा रस्त्यावर टायरला विसावा नसतो. गावातल्या रस्त्यावर वर्षानुवर्षे निभावून नेलेली कमी हवा इथे काही तासांत उघडी पडते.

अपघात झाला की ‘टायर फुटला’ हे वाक्य आपल्याकडे पटकन येते. १ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बसला लागलेल्या आगीत २५ प्रवासी दगावले. टायर फुटल्याचे सुरुवातीला सांगितले गेले. आपल्याच विभागाच्या तपासणीत मात्र तसा पुरावा आढळला नाही. त्या कुटुंबांचे दुःख कोणत्याही यंत्राने कमी होणार नाही. पण टायरचा दाब आणि तापमान यांची नोंद वाहनात राहत असेल, तर अशा वेळी तर्काच्या जागी आकडा हातात येईल. म्हणून ही चर्चा हौशी चालकांपुरती उरत नाही.

सेन्सर बसवले म्हणजे काम झाले, असेही नाही. फॉर्म्युला वनइतकी टायरवर नजर ठेवणारे मैदान दुसरे नसेल. तरीही ६ जून २०२१ रोजी बाकूच्या शर्यतीत लान्स स्ट्रोल आणि पुढे आघाडीवर असलेला मॅक्स व्हर्स्टॅपेन, या दोघांचे मागचे डावे टायर सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात असताना गेले. टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीने तपासून सांगितले, की संघांनी सुरुवातीचा ठरलेला दाब पाळला होता; पण प्रत्यक्ष धावताना टायर ज्या स्थितीत होते, तिचा या घटनेशी संबंध होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने दाब तपासण्याचे नियम कडक केले. मोजलेला आकडा आणि धावतानाचा आकडा यांत अंतर पडते, हे तिथे कोट्यवधी खर्चून उमगले. पिवळ्या दिव्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या घरगुती गाडीत तर हे अंतर तपासायला कोणीच नसते.

हा दिवा दोन वेगवेगळ्या यंत्रणांमधून येतो, ही गोष्ट शोरूममध्ये क्वचितच समजावून सांगितली जाते. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकात, बहुधा वॉल्व्हच्या मुळाशी, छोटा सेन्सर असतो. तो दाब आणि तापमान मोजून रेडिओ लहरींवर कळवतो. त्यात बंदिस्त सेल असतो, तो साधारण पाच ते दहा वर्षे टिकतो आणि संपला की सहसा अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसते. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित घटतो, म्हणून ते इतरांपेक्षा थोडे जास्त फिरते. एबीएसचे सेन्सर तो फरक पकडतात. या गाड्यांत ‘रीसेट’चे बटण किंवा पर्याय असतो. ट्रॅकवर २७ पीएसआय असताना दिवा त्रास देतो म्हणून कोणी रीसेट केले, तर गाडी तीच हवा योग्य मानून शिकते. परतीच्या वाटेवर हवा २७च राहिली तर दिवा लागणारच नाही. पहिल्या प्रकारात चालक इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतो; दुसऱ्या प्रकारात त्याने इशाराच पुसलेला असतो.

दिव्याची भाषाही शिकवली जात नाही. स्थिर लागला तर हवा कमी आहे. आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत यंत्रणेतच बिघाड असतो. ट्रॅकसाठी चाकांचा दुसरा जोड बसवला आणि त्यात सेन्सर नसले, की हेच होते. टायर आलटून-पालटून बसवल्यावर अनेक गाड्यांना सेन्सरची ओळख नव्याने करून द्यावी लागते. नाहीतर पुढच्या डाव्या चाकाची तक्रार पडद्यावर मागच्या उजव्या चाकाच्या नावावर दिसते.

या सगळ्याचा भार शेवटी पंक्चर काढणाऱ्यावर येतो. नेवासा फाट्यापासून प्रवरासंगमपर्यंत महामार्गालगत टायरची दुकाने आहेत. हात सराईत, पण या सेन्सरचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नाही. टायर रिमपासून सोडवताना मशीनची पात वॉल्व्हपाशी दाबली, की आतला सेन्सर तुटतो. ती वॉल्व्हपासून लांब धरावी लागते. अॅल्युमिनियमच्या वॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन बसवली, तर पावसाळ्यानंतर ती आत धरून बसते आणि काढताना वॉल्व्हच जातो; तिथे निकेलचा मुलामा दिलेली पिन लागते. पंक्चरसाठी आत ओतायचे द्रव सेन्सरचे छिद्र बुजवू शकते. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. शिकवण्याची जबाबदारी कोणीच घेतलेली नाही.

केंद्र सरकारने २०२० साली नियम बदलून ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचे किट आणि हवेचा सेन्सर असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीतून सूट दिली. म्हणजे काही गाड्यांत पाचव्या चाकाची जागा या सेन्सरने घेतली आहे. मग तो नीट चालतो आहे का, हे पाहणे म्हणजे स्टेपनी जागेवर आहे का, हे पाहण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

आता चावीबद्दल. नेवासा तालुक्यातून चावीबद्दल लिहिताना शनिशिंगणापूर आठवल्याशिवाय राहत नाही. ज्या गावात घरांना दारे-कुलपे नसण्याची रीत आहे, जिथे युको बँकेने २०११ साली बिनकुलपाची शाखा उघडली, त्याच गावाच्या वाहनतळावर दर शनिवारी देशभरातून आलेल्या, चावीशिवाय जागेवरून न हलणाऱ्या गाड्या उभ्या असतात. ओलेत्याने दर्शन घेण्याची तिथली जुनी प्रथा. ओल्या कपड्यांत गुंडाळलेली किंवा बादलीत पडलेली रिमोटची चावी ही आता खरीखुरी अडचण झाली आहे. ट्रॅकवर घामाने भिजलेल्या रेसिंग सूटच्या खिशात हेच घडते.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची चावी खिशातून बोलते. दार उघडताना किंवा बटण दाबताना गाडी कमी कंप्रतेची, बहुधा १२५ किलोहर्ट्‌झची हाक देते. चावी बहुतेक करून ४३३ मेगाहर्ट्‌झवर उत्तर देते. चाकातले सेन्सरही बहुधा याच पट्ट्यात बोलतात आणि अनेक गाड्यांत दोघांचे ऐकणारा रिसीव्हर एकच असतो. म्हणून ‘चावी सापडत नाही’ आणि ‘टायर सेन्सर बंद’ हे दोन्ही इशारे एकाच दिवशी आले, तर चारही सेन्सर बदलण्याआधी तो रिसीव्हर तपासावा. ट्रॅकच्या पिटमध्ये तर वॉकीटॉकी, लॅप मोजणारी यंत्रे, कॅमेरे आणि शेजारच्या गाड्यांच्या चाव्या यांची गर्दी असते. मोबाइल किंवा पॉवर बँकेला चिकटून ठेवलेल्या चावीचा क्षीण आवाज त्यात हरवू शकतो.

ट्रॅकचा एक नियम चावीला अडचणीचा ठरतो. गाडीत सुटी वस्तू ठेवायची नाही, कारण वळणावर ती उडून पेडलखाली जाऊ शकते. म्हणून चालक चावी मित्राकडे देतो आणि निघतो. इंजिन सुरू असते, गाडी ‘चावी नाही’ असे सांगते आणि धावत राहते. चालत्या गाडीचे इंजिन ती सहसा बंद करत नाही. पण वाळूत घसरून इंजिन बंद पडले, की ते पुन्हा सुरू होत नाही. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक सुटत नाही, ओढून नेणारी गाडी हतबल होते आणि पुढची फेरी रखडते. चावी गाडीतच, झिप असलेल्या घट्ट पाकिटात, ठरलेल्या जागी बांधून ठेवली, तर हे टळते.

सेल संपला तरी गाडी सुरू होते, हे मालकांपैकी फार थोड्यांना माहीत असते. चावीत एक चिप असते, तिला स्वतःचा सेल लागत नाही. गाडीतल्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून ती शक्ती घेते. फक्त चावी अगदी जवळ न्यावी लागते. काही गाड्यांत ती स्टार्ट बटणाला टेकवतात, काहींत स्टिअरिंगच्या खांबाला, काहींत कप ठेवायच्या खाचेत ठेवतात. दार उघडायला चावीच्या पोटात लपवलेले लोखंडी पाते असते. आणि अनेक चाव्यांना लागणारा सीआर २०३२ हा सेल कित्येक गावांत घड्याळाच्या दुकानात मिळतो. २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, म्हणून त्याचे ते नाव. रात्री महामार्गावर कुटुंबासह अडकलेल्या माणसाला एवढे माहीत असते, तर त्याने टोइंगच्या गाडीची वाट पाहिली नसती.

महोदय, ट्रॅक खासगी असले, तरी या विषयात राज्याला अधिकार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९नुसार सार्वजनिक ठिकाणी वेगाच्या चाचण्यांना राज्य सरकारची लेखी संमती लागते. आणि राज्यातल्या अशा कार्यक्रमातून निघालेली गाडी दारातून बाहेर पडताच आपल्या रस्त्यावर असते. शिवाय या जिल्ह्याला एक मोठी सोय लाभली आहे. नेवाशापासून साठेक किलोमीटरवर, अहिल्यानगरला, संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे. केंद्रीय नियमांनुसार वाहने तपासणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी ती एक आहे आणि तिच्याकडे वाहनचाचणीचे ट्रॅक आहेत. टायर आणि वाहनांविषयीचे एवढे ज्ञान असलेल्या जिल्ह्यातच पंक्चरवाल्याला सेन्सर तोडून शिकावे लागते, हे मनाला लागते.

म्हणून नेवाशाहून आपल्याकडे पाच मागण्या येत आहेत.

पहिली: राज्यात कुठेही ट्रॅक डे किंवा धावपट्टीवरचा कार्यक्रम होईल, तिथे बाहेर पडण्याच्या दारापाशी तपासलेला गेज आणि कॉम्प्रेसर असावा. स्टिकरप्रमाणे हवा भरून, रीसेट करून आणि तशी नोंद करूनच गाडी रस्त्यावर जावी. सकाळच्या तपासणीत चावीची जागा, सेलशिवाय गाडी सुरू करण्याचे ठिकाण आणि गिअर सोडवण्याची रीत एका कागदावर लिहून घ्यावी. तो कागद गाडी ओढणाऱ्या पथकाकडे असावा.

दुसरी: पेट्रोल पंपांवर हवा मोफत देणे बंधनकारक आहेच. तिथले गेज खरा आकडा दाखवतात का, हे वैधमापन विभागाच्या मदतीने पाहावे आणि सुरुवात समृद्धीच्या प्रवेशद्वारांपासून व अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गापासून करावी.

तिसरी: शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत रस्त्यावरच्या चिन्हांबरोबर डॅशबोर्डावरची चिन्हेही यावीत. स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांतला फरक हा त्यातला एक प्रश्न असावा.

चौथी: महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीसोबत मराठीत एक पान द्यावे, असा आग्रह आपण कंपन्यांकडे धरावा. सेन्सर कोणत्या प्रकारचा, रीसेट केव्हा करायचे व केव्हा नाही, सेन्सरचा सेल किती वर्षे टिकतो आणि सेल संपलेली चावी कुठे टेकवायची, एवढे त्यावर असले तरी पुरे.

पाचवी: वाहन संशोधन संस्थेला विनंती करून जिल्ह्यातल्या टायर दुकानदारांसाठी वर्षातून एक दिवस प्रत्यक्ष शिक्षणाचा ठेवावा. सेन्सर असलेले चाक खोलणे आणि बसवणे त्यांनी स्वतःच्या हाताने करून पाहावे.

या पाचव्या मागणीची सुरुवात उन्हाळ्यापूर्वी व्हावी, अशी कळकळीची विनंती आहे. एप्रिल-मे महिन्यांत डांबर तापते, सुट्ट्यांमुळे शिंगणापूर, देवगड आणि शिर्डीच्या वाटेवर गर्दी वाढते आणि फाट्यावरच्या टायर दुकानांत सर्वाधिक काम तेव्हाच असते. आपल्या कार्यालयाने तारीख कळवली, तर नेवासा तालुक्यातले दुकानदार त्या दिवशी दुकान बंद ठेवून यावेत, यासाठी येथील वाहनधारक दारोदार जाऊन सांगतील.

आपला विश्वासू,
नेवाशाचा एक वाहनधारक